जुन्या वर्तमानपत्रांतील समुद्र

इच्छापुरास समुद्र नाही. इच्छादेवीच्या टेकडीवर उभे राहिले म्हणजे एका अंगास सातपुड्याच्या रांगा दिसतात आणि दुसऱ्या अंगास केळीच्या बागा. मुलतापीहून निघालेली तापी बुऱ्हाणपुरावरून वाहत पुढे खानदेशात शिरते व ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते, हे वाक्य आमची मुले भूगोलाच्या तासाला घडाघडा म्हणतात. परंतु त्या वाक्याच्या शेवटी जो शब्द येतो तो पदार्थ त्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेला नसतो. समुद्र त्यांना ठाऊक असतो तो वाचून.

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात एका तासाला मी 'रामदास' आगबोटीची हकीकत सांगितली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. रेवसच्या बाजूचे कोळी आपल्या होड्या घेऊन त्या खवळलेल्या पाण्यात शिरले व त्यांनी अनेकांना ओढून वर घेतले. हकीकत संपली तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, बोटीचे नाव आहे, तारीख आहे, मेलेल्यांची संख्या आहे. मग वाचवायला जे गेले त्यांची नावे काय?" मी म्हणालो, "कोळी होते." मुलगा म्हणाला, "ती तर जात झाली, सर."

प्रस्तुत लेख त्या मुलाच्या प्रश्नातून निघाला आहे. जुन्या वर्तमानपत्रांतून समुद्र आणि समुद्रावरील साहस कसे रंगविले गेले, त्यात कोणाला नाव मिळाले व कोणाला केवळ आकडा मिळाला, आणि म्हणून आज ती पत्रे चाळताना आपण कोणती दृष्टी ठेवावी, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, वर्तमानपत्र आणि समुद्र यांचे नाते केवळ विषयाचे नव्हे, ते जन्माचे आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्या काळी विलायतेची बातमी मुंबईस येई ती जहाजातून. आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून शिडाचे जहाज येण्यास चारसहा महिने लागत. २० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही मुंबईच्याच गोदीत बांधलेली आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली आणि ३३ दिवसांनी तेथे पोहोचली. तेव्हापासून तांबड्या समुद्राच्या मार्गाने डाक नेण्याची वाट मोकळी झाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला व १८७० मध्ये मुंबई, एडन, सुएझ अशी समुद्राच्या तळाशी तार पडली. त्यानंतर मात्र बातमी जहाजाच्या पुढे धावू लागली. त्यापूर्वीची तीन तपे संपादक अक्षरशः बंदराकडे डोळे लावून बसत असे. मुंबईच्या इंग्रजी पत्रांत कोणते जहाज आले, कोणते गेले, त्यावर कोणते प्रतिष्ठित उतारू होते, याची यादी नेमाने येई. व्यापाऱ्यास ती यादी अग्रलेखापेक्षा मोलाची वाटे.

या यादीने मराठी भाषेवरही आपला ठसा उमटविला. 'आगबोट' हा शब्दच पाहा. त्यात आग आपली आणि बोट इंग्रजांची. परंतु त्याच्या भोवती जे शब्द गोळा झाले ते त्याहून जुने आहेत. 'बंदर' फारसीतून आले, 'खलाशी', 'तुफान' व 'सुकाणू' अरबीकडून आले, आणि 'नाखवा' हा तर फारसीतील 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. 'मोसम' हा अरबी शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत 'मान्सून' होऊन परत आपल्याकडे आला. तांडेल, सारंग, फत्तेमारी, मचवा, डोलकाठी हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर रोजच्या व्यवहारातले होते. घाटावरच्या व खानदेशच्या वाचकाच्या कानी ते पडले ते मुख्यतः छापील पानातून. आमच्याकडे 'नांगर' म्हणजे शेत नांगरण्याचा. 'बोटीने नांगर टाकला' हे वाक्य वर्गात वाचले की मुले आजही हसतात. मात्र ती हसतात तेव्हाच त्यांच्या भाषेत समुद्राचा एक शब्द येऊन बसलेला असतो. पुढे 'राज्याचे सुकाणू', 'पक्षाचे तारू', 'चळवळीला लागलेली ओहोटी' असे प्रयोग राजकीय लेखनात इतके रूढ झाले की त्यांचे खारे पाणी कोणास जाणवेनासे झाले.

आणि बुऱ्हाणपूर परगणा तरी समुद्रापासून सर्वस्वी दूर होता काय? सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेस उतरला आणि नोव्हेंबरात बुऱ्हाणपुरास येऊन शाहजादा परवेझास भेटला. पुढे तॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की, बुऱ्हाणपुरात विणलेले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच नव्हे तर रशिया व पोलंडपर्यंत जाते. म्हणजे येथील साळ्याच्या मागावरचे वस्त्र सुरतेस जाऊन जहाजावर चढत होते. वस्त्राने समुद्र ओलांडला. विणणाऱ्याचे नाव कोणत्याही रोजनिशीत शिरले नाही. ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

२

समुद्रावरील साहसकथा म्हणून जो वाङ्मयप्रकार जगभर ओळखला जातो, त्याचा उगम शोधू गेल्यास तो नियतकालिकाच्या पानाशी जाऊन भिडतो. अलेक्झांडर सेलकर्क नावाचा एक स्कॉटिश खलाशी १७०४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका निर्जन बेटावर उतरला व १७०९ पर्यंत तेथे एकटा राहिला. परत आल्यावर रिचर्ड स्टील याने त्याची हकीकत १७१३ च्या डिसेंबरात 'द इंग्लिशमन' या पत्रात छापली. १७१९ मध्ये डॅनियल डेफोची 'रॉबिन्सन क्रूसो' प्रसिद्ध झाली, आणि लगोलग ती लंडनच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः छापली जाऊ लागली. येथे एक मार्मिक फरक आहे. सेलकर्कचे बेट उष्ण कटिबंधाच्या बाहेर, थंड वाऱ्यांच्या पट्ट्यात होते. डेफोने आपल्या नायकाचे बेट उचलून ओरिनोको नदीच्या मुखाजवळ, उष्ण कटिबंधात नेऊन ठेवले. तेथे झाडे गर्द, प्राणी विचित्र आणि माणसे नरभक्षक असल्याचे सांगता येत होते. उष्ण समुद्र म्हणजे भय, संपत्ती व रानटी माणसे यांचे आगर, ही समजूत वाचकाच्या मनात अशी पक्की झाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्रूसोला बेटावर जो सोबती मिळतो त्याला तो शुक्रवारी सापडला म्हणून 'फ्रायडे' असे नाव देतो. त्या माणसास आईबापांनी काही नाव ठेवले असेल, हे क्रूसोच्या मनात येत नाही आणि वाचकाच्याही येत नाही. साहस धन्याचे, नाव धन्याचे; सोबत्याला मिळाला तो वार. पुढील दोन शतकांत वर्तमानपत्रांनी समुद्राच्या ज्या हकीकती छापल्या त्यांतील बहुसंख्य या साच्यातून निघाल्या आहेत.

ह्या साच्याचा सर्वांत मोठा फटका महाराष्ट्रास बसला तो आंग्र्यांच्या बाबतीत. सरखेल कान्होजी आंग्रे कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांना आपले दस्तक घेण्यास भाग पाडी, आणि दस्तक नसलेले जहाज पकडी. आता, दस्तक देण्याची ही रीत कान्होजीने शोधून काढलेली नव्हे. त्याच्या पूर्वी दीडदोनशे वर्षे पोर्तुगीज या समुद्रात आपला परवाना नसलेली जहाजे लुटीत होते आणि इंग्रजही आपले परवाने देत होते. पोर्तुगिजांनी केले तेव्हा ती सत्ता ठरली. कान्होजीने आपल्याच किनाऱ्यावर केले तेव्हा ती चाचेगिरी ठरली. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली व ती फसली. १७३७ मध्ये क्लेमंट डाउनिंग याने लंडनमध्ये छापलेल्या पुस्तकाच्या नावातच आंग्र्याला 'चाचा' असे विशेषण लाविले. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन व रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्याचे आरमार बंदरात जळून गेले, तेव्हा लंडनच्या पत्रांतून व मासिकांतून त्या विजयाची वर्णने झळकली. उष्ण समुद्र, अभेद्य दुर्ग, क्रूर चाचा आणि धैर्यवान गोरा नाविक. साहसकथेला लागणारी सर्व सामग्री एकाच बातमीत मिळाली होती.

या वर्णनाला मराठीत उत्तर कोण देणार? मराठीत वर्तमानपत्र निघण्यास अजून ७६ वर्षे होती. शिवाय या मोहिमेत खुद्द पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घरचे भांडण आणि परक्याची लेखणी असा योग जुळून आला म्हणजे इतिहासात कोणते विशेषण टिकते, हे येथे दिसते. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळास 'आंग्रे' हे नाव दिले. विशेषण पुसून नाव परत मिळविण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

३

आता तुफानांकडे वळू. उष्ण समुद्राचे वर्तमानपत्रांतील दुसरे रूप म्हणजे वादळ. आजचा 'चक्रीवादळ' हा शब्द ज्या 'सायक्लोन'चे भाषांतर आहे तो शब्द भारतातच जन्मला. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन याने जहाजांच्या रोजनिशा गोळा करून वादळांचा अभ्यास केला व १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात सर्पाच्या वेटोळ्याचा बोध होईल असा हा ग्रीक मुळाचा शब्द योजिला. अरबी समुद्रात अशी वादळे मुख्यतः दोन वेळांस उठतात. एक, पावसाळा सुरू होण्याच्या सुमारास, मे-जूनमध्ये. आणि दुसरी, पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाणी तापलेले असते, वरून वाफ चढत असते, आणि आसपासचा वारा मधल्या कमी दाबाकडे धाव घेताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळतो. आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. ऐन पावसाळ्यात उंचावरील वाऱ्यांचा वेग व दिशा खालच्या वाऱ्यांहून इतकी निराळी असते की वेटोळे सहसा बांधले जात नाही. कोकणातील नाखवे हे शास्त्र न शिकता पाळीत असत. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावयाची आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच पाण्यात लोटावयाची, हा नेम त्यातूनच आला.

५ ऑक्टोबर १८६४ च्या भयंकर वादळाने कलकत्ता बंदराची दाणादाण उडाली, तेव्हा सरकारास बंदरांना आगाऊ इशारा देण्याची निकड पटली. १८७५ मध्ये हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. म्हणजे वादळाची बातमी छापणे आणि वादळाची सूचना देणे, या दोन गोष्टींमध्ये बराच काळ गेला.

या संदर्भात एक उदाहरण फार उद्बोधक आहे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ येऊन एक लक्ष माणसे मेली, असे विधान कित्येक याद्यांत, संदर्भग्रंथांत व लेखांत वर्षानुवर्षे छापले जात होते. एकाने लिहावे, दुसऱ्याने उतरून घ्यावे, असा क्रम चालला होता. अलीकडे हवामानशास्त्रज्ञ व इतिहासाचे अभ्यासक यांनी त्या काळची साधने धुंडाळली, तेव्हा असल्या प्रलयाचा मागमूसही लागेना. अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' या २०१६ च्या पुस्तकात या प्रकरणाची चर्चा केली आहे. थोडा हिशेब केला तरी शंका येते. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. एक लक्ष मेले असते तर शहरातील दर आठ माणसांमागे एक गेला असता. त्या वेळी मुंबईत 'टाइम्स ऑफ इंडिया' व 'इंदुप्रकाश' निघत होती. पुण्यास 'ज्ञानप्रकाश' होता, 'केसरी' व 'मराठा' दीड वर्षाचे झाले होते. ज्या शहरात कोणा साहेबाचे जहाज दोन दिवस उशिरा आले तरी ते छापले जाई, त्या शहरात एक लक्ष प्रेते पडावी आणि सर्व पत्रांनी मौन धरावे, हे संभवत नाही.

म्हणजे जुन्या वर्तमानपत्राचे मौनही साक्ष देते. ते जे सांगते ते तपासून घ्यावे लागते हे खरे. परंतु ते जे सांगत नाही त्याचेही वजन करावे लागते. मात्र या नियमास एक अपवाद जोडला पाहिजे, आणि तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. एक लक्ष माणसांच्या मृत्यूविषयी सर्व पत्रे मौन पाळतील हे अशक्य. पण एका खलाशाच्या मृत्यूविषयी ती मौन पाळतील हे नित्याचे होते. पहिले मौन घटना घडली नाही असे सांगते. दुसरे मौन इतकेच सांगते की, घडलेल्या घटनेत मेलेला माणूस पत्राच्या लेखी माणूस नव्हता. दोन मौनांतील हा भेद ओळखणे हीच वाचकाची कसोटी होय.

४

८ नोव्हेंबर १८८८ रोजी 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छच्या मांडवी बंदरातून मुंबईस येण्यास निघाली. तीवर विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. द्वारकेवरून ती पुढे पोरबंदराकडे आली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत तुफानात दिसेनाशी झाली. सातशेंहून अधिक माणसे होती. एकही वाचला नाही. वर सांगितलेल्या दुसऱ्या ऋतूतले, म्हणजे नोव्हेंबरातले, हे वादळ.

वर्तमानपत्रांत ही बातमी आली, चौकशी झाली, आकडे प्रसिद्ध झाले. पुढे पत्रांचे ते अंक रद्दीत गेले. पण गुजरातच्या लोकांनी कप्तान हाजी कासम याच्या नावाने एक गीत रचिले आणि ते गात राहिले. त्या गीतात लग्नाची वऱ्हाडे आहेत, नवरदेव आहेत, मागे राहिलेली माणसे आहेत. पुढे गुणवंतराय आचार्य यांनी या घटनेवर गुजरातीत कादंबरी लिहिली. लोकगीतातील संख्या इतिहासास पटत नाही; बुडालेल्यांचा आकडा लोकांच्या तोंडी खूपच फुगला. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आकडा वर्तमानपत्राने अधिक बरोबर ठेवला आणि माणूस लोकगीताने अधिक बरोबर ठेवला. अभ्यासकास दोन्ही हवीत. एकाने दुसऱ्याची चूक सुधारावयाची असते. एकाने दुसऱ्यास हाकलून लावावयाचे नसते.

कोकणच्या बाजूस पाहिले तर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी 'जयंती' व 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या, आणि वीस वर्षांनी 'रामदास' गेली. आमच्या संतांनी भवसागर, नौका, पैलतीर या प्रतिमा शेकडो वेळा वापरल्या. त्या संतांचीच नावे बोटींना दिलेली होती. 'रामदास'ची बातमी ज्या आठवड्यात छापली गेली त्या वेळी स्वातंत्र्यास एक महिनाही उरला नव्हता. फाळणीच्या वार्तांनी पत्रांची पाने भरून गेलेली होती. रेवस, मांडवा, अलिबाग या बाजूच्या घराघरांत आषाढी अमावास्येस जे घडले ते त्या गर्दीत किती दिवस पुढच्या पानावर राहणार? मात्र त्या बाजूच्या गावांत अमावास्येच्या सुमारास म्हातारी माणसे अजून ती बोट आठवतात. तेथे वीजळीसारखे गीत झाले नाही. आठवण मात्र राहिली.

५

आता खलाशांकडे येऊ. इंग्रजी आगबोटींवर कोळसा मारणारे, डेक धुणारे, दोर ओढणारे हजारो हिंदी खलाशी असत. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील मुसलमान व खारवी फार मोठ्या संख्येने होते. इंग्रजीत त्यांना सरसकट 'लास्कर' म्हणत. हा मूळचा आपला 'लष्कर' शब्द. आरमारी शिपायाचे नाव घसरत घसरत डेकवरच्या मजुराला येऊन चिकटले.

२० मे १९२२ रोजी 'इजिप्त' ही मुंबईकडे येणारी आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात दुसऱ्या एका जहाजाची धडक बसून बुडाली. ऐंशींहून अधिक माणसे मेली. बोटीवर मुंबईस यावयाचे दहा लक्ष पौंडांहून अधिक किमतीचे सोने व चांदी होती. विलायतेतील पत्रांत गवगवा झाला तो हिंदी खलाशी घाबरून होड्यांवर तुटून पडले, याचा. वस्तुतः मेलेल्यांत बहुसंख्य जहाजावरील नोकरवर्गच होता, आणि पुढे झालेल्या चौकशीत कप्तानासही दोष देण्यात आला. परंतु पहिल्या दिवशीच्या बातमीने जे काम करावयाचे ते करून टाकले होते.

या कथेचा उत्तरार्धही वर्तमानपत्रांनीच लिहिला. 'आर्टिग्लिओ' या इटालियन जहाजावरील पाणबुड्यांनी बुडालेल्या बोटीचा शोध लाविला आणि १९३२ मध्ये सुमारे चारशे फूट खोलीवरून सोने वर काढण्यास सुरुवात केली. लंडनच्या 'टाइम्स'ने या हकीकतीचे हक्क घेऊन आपला खास वार्ताहर डेव्हिड स्कॉट याला त्या जहाजावर पाठविले. त्याचे लेख खरोखर चित्तवेधक झाले असतील, आणि पाणबुड्यांचे धाडसही खरेच होते. त्यांपैकी काहींनी प्राण गमाविले. आपली तक्रार त्यांच्या कीर्तीविषयी नाही. तक्रार इतकीच की एकाच बोटीच्या दोन बातम्यांत सोन्याचा हिशेब विटेविटेने लागला, आणि त्याच बोटीबरोबर तळाशी गेलेल्या रत्नागिरीकडच्या माणसांचा हिशेब 'लास्कर' या एका शब्दात आटोपला.

उलट बाजूने, ज्यास साहस म्हणावयाचे ते कधीकधी साहस म्हणून ओळखलेच गेले नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अठरा वर्षे. बरोबर नवरा नाही. आपला आहारविहार न सोडता परक्या स्त्रियांच्या सोबतीने दोन महिने समुद्रावर. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारीस श्रीरामपूर येथील कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेस का जातो हे जाहीर भाषणात सांगितले होते. त्या काळच्या चर्चेचा विषय काय? समुद्रगमन शास्त्रसंमत की निषिद्ध, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे की बहिष्कार घालावा, धर्म टिकेल की बुडेल. क्रूसोच्या देशात ज्या प्रवासास वीरकथा म्हटले असते त्यास आपल्याकडे धर्मनिर्णयाचे प्रकरण करण्यात आले. त्या प्रवासातील एकाकीपण, उपासमार आणि निर्धार वाचकांच्या प्रत्ययास आले ते पुढे, त्यांच्या पत्रांतून व काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून. म्हणजे परक्या पत्रांनी आपल्या खलाशास नाव नाकारले आणि आपण आपल्या मुलीच्या धैर्यास नाव नाकारले. दोष केवळ परक्यांच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही.

६

तर मग जुने वर्तमानपत्र हाती आले असता काय करावे? विद्यार्थ्यांना मी तीन प्रश्न विचारण्यास सांगतो. पहिला, ही हकीकत किनाऱ्यावर कोणी आणली? समुद्रावर जे घडते त्यास साक्षी थोडे असतात. जो परत येतो व ज्यास लिहिता येते त्याची बाजू बातमी होते. दुसरा, यात विशेषणे कोणास व नावे कोणास मिळाली आहेत? जेथे एका पक्षास नाव व दुसऱ्यास नुसते विशेषण असेल तेथे वाचकाने थांबावे. तिसरा, येथे काय छापलेले नाही, आणि ते घडले नाही म्हणून की मोजले नाही म्हणून? १८८२ चे वादळ पहिल्या कारणाने पत्रांत नाही. रेवसच्या कोळ्यांची नावे दुसऱ्या कारणाने नाहीत.

हे प्रश्न विचारावयाचे तर ते अंक शिल्लक राहिले पाहिजेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. मोठ्या ग्रंथसंग्रहालयांनी छायाप्रती करून काही वाचविले आहे. परंतु लहान गावांच्या वाचनालयांत, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेट्यांच्या तळाशी अंथरलेले जे आहे ते कोण पाहणार? ते काम शाळांनी करावे असे मला वाटते. आमच्याकडील मुले घरी मराठी बोलतात, बाजारात हिंदी बोलतात. त्यांना दोन्ही भाषांतील जुनी पाने वाचता येतात. हे त्यांचे भांडवल आहे.

मागच्या बाकावरील त्या मुलास मी नंतर बोलावून घेतले व म्हणालो, "त्या कोळ्यांपैकी कोणाची नातवंडे आज रेवसला असतील. त्यांना पत्र लिही." त्याने विचारले, "पण सर, पत्ता?" मी म्हटले, "गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे लिही. मुख्याध्यापक मुख्याध्यापकाचे पत्र टाकून देत नाहीत." पत्र त्याने लिहिले, वर्गातील सर्व मुलांनी खाली सह्या केल्या. सही करताना प्रत्येकाने आपले पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट.